उपटलेले पऱ्हे

लालसू मडावीला कशातूनही दाखला सापडायचा. ओल्या लाकडानं चूल धुरकटली की तो डोळे पुसत म्हणायचा, "पाय, माणूस अर्धा ओला राह्यला का सोता पेटत नाई, अन् दुसऱ्याच्या डोळ्यातून पानी काढते." त्याचा प्रत्येक दाखला या 'पाय'नं, म्हणजे 'पाहा'नं, सुरू व्हायचा. चक्कीचा पट्टा घसरला तर त्याला प्रार्थना आठवायची, पायाला जळू लागली तर पाप. बुधरी, त्याची बायको, कधी हसायची, कधी वैतागायची.

"कोंबडी अंड्यावर बसली का तुमी उपदेशावर बसता," ती म्हणायची. "आधी सुकी लाकडं आना."

पण नाल्यापलीकडच्या पिपरटोल्यात त्याच्या दाखल्यांना मान होता. तिथं सहा घरं विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, होती. पास्टर येसुदास सिरोंच्याकडचे. मोटारसायकलवरून महिन्यातून दोनदा यायचे. बाकीच्या रविवारी लालसूच उभा राहायचा आणि त्या आठवड्यात चुलीत, बांधीत म्हणजे भाताच्या खाचरात, गोठ्यात जे दिसलं त्यातून देवाचं काहीतरी काढून दाखवायचा. चौथी शिकलेला माणूस, पण बायाबापड्या पदरानं डोळे टिपायच्या. पास्टर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते की असं सुचणं हे शिकून येत नाही, ते वरून यावं लागतं. त्या दिवशी घरी येताना लालसू जरा छाती काढूनच चालत होता, आणि मागून टोपली घेऊन येणाऱ्या बुधरीनं ते बरोबर पाहून ठेवलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या मरकाटोल्यात मात्र ख्रिस्ती घर त्यांचं एकच. बारा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी करिश्मा तापानं फणफणली, ताप डोक्यात गेला, पोर ओळख विसरली. गावचा पुजारी वारलू, लालसूच्या चुलत्याचा थोरला मुलगा, त्यानं दोन रात्री झाडाखाली बसून जे करायचं ते केलं. मग गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथं शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातेवाईक प्रार्थना करत होता. लालसूनं त्याचा हात धरला आणि म्हणाला, माह्या पोरीसाठी पन सांग. पाचव्या दिवशी करिश्मानं पाणी मागितलं. त्याच खाटेजवळ लालसूनं शब्द दिला की आता दुसऱ्या कुणाला कोंबडं देणार नाही. करिश्मा आता मूलकडं नांदते, तिला एक मुलगी आहे.

शब्द दिला तरी गावात राहायचं होतं. आषाढात गावपूजा होते. घरटी एक पायली तांदूळ आणि एक कोंबडी. ती पूजा झाल्याशिवाय कुणी रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बांधीत पाय घालत नाही. अकरा वर्षं लालसू तांदूळ द्यायचा, गावाच्या जेवणासाठी म्हणून, आणि कोंबडीचं वारलू विचारायचा नाही. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हते.

यंदा गावातल्या तरण्या पोरांनी बैठकीत तो विषय काढला. द्यायचं तर पूर्ण द्या, नाहीतर काहीच नको. वारलू बराच वेळ तंबाखू चोळत राहिला.

"लालसू, तू माह्या काकाचा पोरगा," तो शेवटी म्हणाला. "अकरा साल मी डोये झाकले. आता गाव आयकत नाई. एक कोंबडी दे, बस. तू कापू नोको. मी कापतो."

"कापनारा तू असला तरी देनारा मीच ना, भाऊ," लालसू म्हणाला.

ठरलं. त्याच्या बांधीत कुणी जायचं नाही, त्यानं कुणाच्या बांधीत यायचं नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. सगळे उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. लालसूच्या पायलीभर तांदळाची थैली तेवढी चटईवर राहिली. ती बुधरी दुसऱ्या दिवशी उचलून घेऊन आली.

ज्यानं धान लावलं नाही त्याला या ठरावात काय वाईट होतं ते कळायचं नाही. मरकाटोल्यात रोवणी पैशानं होत नाही, हातानं होते. आज अठरा बाया माझ्या बांधीत, उद्या मी तुझ्या. अठरा बाया वाकल्या की दोन एकर एका दिवसात हिरवं होतं. दोन माणसं वाकली तर वीस दिवस लागतात, आणि पऱ्हे, एका बांधीत दाट पेरलेली भाताची रोपं, वीस दिवस थांबत नाहीत. पेरल्यापासून महिना उलटला की रोपाच्या बुडाशी गाठ धरते. मग ते लावलं तरी फुटवा येत नाही, नुसतं गवतासारखं उभं राहतं. लालसूचे पऱ्हे सोळा दिवसांचे झाले होते. या दोन एकरांवर दोघांचं वर्षाचं खाणं होतं. दुसरी जमीन नव्हती.

पहिले चार दिवस दोघांनीच लावलं. लालसूनं बैल हाकून चिखलणी केली, मग तोही वाकला. बुधरी मागे मागे सरकत रोप खोवायची. तिच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, रात्री हळद-तेल लावून ती पाय वर करून पडायची. कंबर संध्याकाळी सरळ होत नसे, ती तशीच वाकलेली घरी यायची. शेजारच्या बांधीत गिरजाबाईची टोळी गाणं म्हणत लावत होती. गिरजाबाई लालसूची चुलत वहिनी, गावातली सगळ्यात जलद हात असलेली बाई. दरवर्षी त्या टोळीत बुधरी तिच्या उजव्या हाताला असायची. आता त्या जागी कुणाची तरी नवी सून होती आणि तिची ओळ वाकडी जात होती. बुधरीला ते पाहवत नव्हतं.

चार दिवसांत एक कोपरा झाला. बुधरीनं बांधावर उभं राहून पाहिलं आणि उरलेले दिवस बोटांवर मोजले.

त्या रविवारी पिपरटोल्यात लालसूनं पऱ्ह्यांचा दाखला दिला.

"पऱ्हे दाट असते," तो म्हणाला. "एकमेकाले चिकटून, मजेत. त्याले वाटते, हेच माहं घर. पन तिथीच राह्यलं तर त्याले लोंबी येत नाई. मालक येते अन् मुळासकट उपटते. मुळं तुटते, माती धुवून टाकते, पेंडी बांधून फेकते. रोपाले वाटत असन, मेलो. पन मालकानं दुसरी बांधी तयार करून ठेवली असते. आमाले गावानं उपटलं नाई. मालकानं उपटलं. रोवनार पन तोच."

सगळे रडले. बुधरीसुद्धा रडली. इतक्या वर्षांत नवऱ्याचा कुठलाच दाखला तिला असा लागला नव्हता. घरी येताना तिनं टोपली डोक्यावरून काढून कडेवर घेतली आणि त्याच्या बरोबरीनं चालली. त्या आठवड्यात काम करताना ती ते मनात घोळवत राहिली. मालकानं उपटलं, मालकच रोवणार.

गुरुवारी पास्टरचा फोन आला. फोनला रेंज फक्त मोठ्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली मिळायची, तिथं लालसू कान दाबून उभा होता. पिपरटोल्याची रोवणी शनिवारी आटपते, सोमवारी उजाडता बारा जण येतील, दोन दिवसांत सगळं लावून देतील, असं पास्टर म्हणाले. लालसू फोन खिशात ठेवायचा विसरला. तो हातात धरूनच पळत आला.

"सगळे पऱ्हे उपटून ठेवू," तो म्हणाला. "रविवारी काम नाई. सोमवारी ते येतीन तवा उपटत बसलो तं अर्धा दिवस तिथीच जाईन."

"अर्धे उपटू," बुधरी म्हणाली. "अर्धे राहू द्या जमिनीत. काई झालं तं?"

"काय होईन?"

"मले काय माहीत. म्हनून तं म्हनतो."

लालसू पऱ्ह्यांच्या बांधीकडं पाहत होता. हिरवं, दाट, गुडघ्याला लागणारं. "अर्धं उपटून मालकाले सांगाचं का अर्धा विस्वास आहे?" तो म्हणाला. "तूच रडली होती ना त्या दिवशी?"

रडली होती हे खरंच होतं. दुसरा कुठला दाखला असता तर ती भांडली असती.

शुक्रवारी दुपारपासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत दोघं उपटत राहिले. मूठभर रोपं धरायची, ओढायची, पायावर आपटून माती झाडायची, पळसाच्या सालीनं बांधायची. बोटांची सालं निघाली. शेवटची पेंडी बांधून झाली तेव्हा पऱ्ह्यांची बांधी भादरलेल्या मेंढीसारखी दिसत होती. पेंड्या त्यांनी मोठ्या बांधीत ओळीनं, घोटाभर पाण्यात उभ्या करून ठेवल्या. दोन दिवस अशा राहतात, काही होत नाही.

रविवारची सकाळ स्वच्छ निघाली. बुधरी पेंड्या बघायला गेली. गिरजाबाई शेजारच्या बांधावर पान खात होती. तिची टोळी अजून जमायची होती. तिनं पेंड्यांच्या ओळी पाहिल्या आणि चघळायची थांबली.

"सगळं उपटलं काय ओ, बुधरी?"

गेल्या दोन आठवड्यांत ती पहिल्यांदाच बोलत होती. बुधरीनं मान हलवली.

"लावनारे कुठी आहेत?"

"उद्या येते. पिपरटोल्याचे."

गिरजाबाईनं आभाळाकडं पाहिलं. आभाळात काहीच नव्हतं, पण दक्षिणेकडून ओला वारा येत होता. "आज लाव तू. जेवढं होते तेवढं."

"आज रविवार हाये, बाई."

"धानाले काय समजते रविवार?" ती चिडून म्हणाली, आणि मग आवाज खाली आणला. "आयक. एक कोंबडी नेऊन दे वारलूभाऊले. काई बोलू नोको, त्याच्या आंगनात सोडून ये. मी सांगतो सगळ्याईले. माही बांधी उद्यावर टाकतो. अठराजनी आहोत. दिवस बुडाच्या आत तुहं सगळं लावून देतो."

बुधरी घरापर्यंत जवळजवळ धावतच गेली. अंगणात डालीखाली तीन कोंबड्या होत्या. तिनं तांबडी काढली, पाय धरून उलटी लटकवली. लालसू अंघोळ करून पांढरा सदरा घालत होता. त्यानं पाहिलं.

"कुठी नेते?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, अठराजणी, दिवस बुडायच्या आत. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. सदऱ्याची बटणं न लावताच तो खाटेवर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी पोरीच्या खाटेजवळ जबान देल्ली," तो म्हणाला. "डॉक्टरीन म्हने का नेऊन टाका घरी. तू भाहेर रडत होती. मी देवाले म्हनलं, हे पोरगी दे, मी दुसऱ्या कोनाले कोंबडी देनार नाई. त्यानं पोरगी देल्ली, बुधरी." जरा थांबून तो म्हणाला, "तू नेत असशीन तं ने. मी धरत नाई."

कोंबडी उलटी लटकून फडफडत होती. बुधरीच्या डोळ्यांसमोर बारा वर्षांची करिश्मा आली, ओठांना पापुद्रे आलेली, कुणालाच न ओळखणारी. आणि तिची आताची मुलगी, जी फोनवर नुसती श्वास घेते आणि बोलत नाही. बुधरीनं हात सोडला. तांबडी धडपडत परसात पळाली.

नाला त्या दिवशी घोट्याएवढा होता. पिपरटोल्यात सगळ्यांनी सांगितलं, उद्या उजाडता येतो, भाकरी घेऊनच येतो, तुमाले त्रास नाई. परत येताना चार वाजले असतील. नाल्यावरच्या रपट्यावर, त्या बुटक्या फरशीपुलावर, पोचले तेव्हा पहिले थेंब आले. लालसू म्हणाला, "बरं झालं, बांधीत पानी राहीन." त्यात दाखला काढायच्या तो बेतात होता, पण पाऊस एकदम वाढला आणि दोघांना पळावं लागलं.

सोमवारी उजाडता ते रपट्यावर गेले तेव्हा रपटा नव्हताच. तांबडं पाणी झाडांच्या खोडांना घासत चाललं होतं. पलीकडच्या काठावर बारा माणसं उभी होती, डोक्यावर खताच्या पोत्यांच्या खोळी, बायकांनी प्लॅस्टिकची पन्नी पांघरलेली, हातात भाकरीची गाठोडी. लालसूनं हात हलवला. त्यांनीही हलवला. मग त्यांच्यातला एक म्हातारा पुढं आला, त्यानं दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. ते तिकडून यांच्यासाठी प्रार्थना करत होते. पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता. लालसूनंही इकडं मान खाली घातली. बुधरीनं घातली नाही. ती पाण्याकडं बघत होती आणि पाणी काठावर वर सरकत होतं.

थोडा वेळ उभे राहून ते बारा जण परत गेले. त्यांनी तरी काय करायचं?

त्या दिवशी आणि मंगळवारी दोघं पावसात लावत राहिले. पन्नी वाऱ्यानं उडायची, म्हणून बुधरीनं ती काढून फेकली. लालसूनं दोन ठिकाणी बांध फोडून पाणी काढायचा प्रयत्न केला, पण खालच्या बांध्याच भरल्या होत्या, पाणी जाणार कुठं? मांडीपर्यंत पाण्यात वाकून रोप खोवायचं, आणि हात काढला की ते सुटून वर यायचं. सकाळी लावलेली ओळ दुपारी वर तरंगत बांधाला लागलेली दिसायची. बुधरी ती गोळा करून पुन्हा लावायची. तिसऱ्यांदा तीच रोपं हातात आली तेव्हा ती पाण्यात उभी राहून मोठ्यानं रडली. कुणी ऐकणार नव्हतं, लालसू बांधीच्या दुसऱ्या टोकाला होता.

संध्याकाळी तिनं मोहाखाली उभं राहून करिश्माला फोन लावला. "माय, आमच्याच इथी रोवनी चालू हाये, सासू सोडत नाई," करिश्मा म्हणाली. "बाबा काय म्हनते?"

"काय म्हनतीन. लावून राह्यले."

"दाखला नाई काढला काय अजून?" करिश्मा हसली. बुधरीही हसली आणि फोन ठेवला.

बुधवारी पाऊस थांबला आणि ऊन पडलं. ते ऊनच जास्त वाईट निघालं. पुराआधी लावलेलं सगळं गाळासकट वाहून गेलं होतं, आणि तीन दिवस पाण्यात बुडालेल्या पेंड्या उन्हात तापल्या. बुधरीनं एक उचलली तर पळसाची साल तुटली आणि रोपं हातातून लगद्यासारखी गळाली. बुडाशी तपकिरी, चिकट झालेली. वास येत होता. तिनं दुसरी उचलली, तिसरी उचलली. लालसू पलीकडून तेच करत येत होता. मधे दोघं समोरासमोर आले आणि हातातल्या पेंड्या खाली टाकल्या.

दुपारी वारलू बांधावर येऊन उकिडवा बसला. बुधरीचा शेवटचा धीर तिथं सुटला. ती चिखलातच त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, कोंबडी आनतो मी आत्ता. दोन आनतो. नवऱ्याले विचारत नाई."

लालसू मागं उभा होता.

वारलूनं मान हलवली. "आता कोंबडी घेऊन काय करू, बुधरी? लावाले पऱ्हेच नाई. गावात कोनाजवळ उरले नाई, होते ते वाहून गेले. नवं टाकाले दिवस नाई उरले." त्यानं एक सडलेली पेंडी उचलून परत ठेवली. "मले वाटत होतं का येशीन तू. रविवारी मी आंगनातच बसून होतो दिवसभर. गिरजीनं सांगतलं होतं मले."

तो उठला, लालसूकडं एकदा पाहिलं आणि गेला. बुधरीला वाटलं, या माणसानं रागानं चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी नाला उतरला आणि पिपरटोल्याचे लोक आले. पास्टरही आले, मोटारसायकल पलीकडं ठेवून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पिपरटोल्यातही पऱ्हे काही उरले नव्हते. तिथली पऱ्ह्यांची बांधी नाल्याच्या काठालाच होती. त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं, म्हणून ते प्रार्थनेला आले होते. सगळे बांधावर उभे राहिले. समोर सडलेल्या पेंड्या ओळीनं पडल्या होत्या. लावण्यासाठी तेरा माणसं होती आणि लावायला काही नव्हतं.

गाणं झालं. मग पास्टर बोलू लागले. माणूस वाईट नव्हता. "बघा, या पेंड्या," ते म्हणाले. "आपल्या डोळ्यांना हे सडलेलं दिसतं. पण देव यातूनही..."

"पास्टर," लालसू म्हणाला.

ते थांबले.

"यातून काई काढू नोका." त्याचा आवाज मोठा नव्हता. "हे पेंड्या आहेत. मीनं उपटल्या. सडल्या. मीच म्हनलं होतं का मालक रोवीन, अन् बायकोले अर्धे ठेवू देल्ले नाई. यातून काई काढू नोका तुमी."

कुणी आमेन म्हटलं नाही. एक बाई चुकून म्हणायला गेली आणि तिनं तोंडावर पदर धरला. पास्टर लालसूच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, मग तोही काढून घेतला.

इतकी माणसं नाला उतरून आली होती, त्यांना तसं पाठवता येत नव्हतं. बुधरीनं कोठीत हात घातला. कोठीचा तळ हाताला लागत होता. तिनं ती बैठकीतून परत आणलेली पायलीभर तांदळाची थैली काढली आणि सगळी शिजवली. लोक मुकाट्यानं जेवले. जाताना बायांनी तिचे हात हातात घेतले. तिचे हात इतके सोलले होते की तिला ते दुखले.

शनिवारी पहाटे बुधरी सवयीनंच बांधीवर गेली. सडलेल्या पेंड्या गोळा करून बांधावर टाकायच्या होत्या, नाहीतर पाणी नासतं. गिरजाबाईच्या आणि त्यांच्या सामायिक बांधावर, त्यांच्या बाजूला, सहा पेंड्या ठेवल्या होत्या. ताज्या. हिरव्यागार, मुळं धुतलेली, आणि गिरजाबाई बांधते तशी दुहेरी गाठ. गावात पऱ्हे उरलेच नव्हते, तेव्हा तिनं त्या स्वतःच्या लावलेल्या बांधीतूनच उपटल्या असणार. पलीकडं तिच्या बांधीत कुणी नव्हतं. ठराव अजून होताच, त्यामुळं ती कधी येऊन ठेवून गेली हे कुणी सांगणार नव्हतं आणि कुणी विचारणारही नव्हतं.

सहा पेंड्या म्हणजे काय? एक खाटेएवढा वाफा. दोघांचं पंधरा दिवसांचंही खाणं नव्हे.

लालसू आला. त्यानंही पेंड्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. बुधरी त्याच्या तोंडाकडं बघत होती. एरवी अशा वेळी त्याच्या कपाळावर एक आठी पडायची, ओठ हलायचे, आणि मग तो म्हणायचा, पाय. ती आठी पडली नाही. त्यानं दोन पेंड्या उचलल्या आणि बांधीत उतरला.

दोघं शेजारी शेजारी वाकले. पाणी आता घोट्याएवढं होतं, लावायला अगदी बरोबर. रोप धरत होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं की या माणसानं एक दिवस तरी गप्प राहून काम करावं. आता तो गप्प होता आणि तिला भीती वाटत होती. कोठीत तांदूळ नव्हता, गावात हात नव्हता, आणि आता हेही घरातून गेलं तर मागं काय राहणार?

"सांगा ना काई," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मांगं सांगत होते तसं. गिरजाबाईनं ठेवले. त्यातून काई."

लालसूनं रोप खोवलं, अंगठ्यानं चिखल दाबला. मग पुढचं घेतलं.

"नाई दिसत मले काई," तो म्हणाला.

मग ती स्वतःच शोधू लागली, त्याच्यासाठी. हातातल्या रोपाकडं पाहिलं, दुहेरी गाठीकडं पाहिलं, गिरजाबाईच्या मोकळ्या बांधाकडं पाहिलं. सोपं असणार होतं, तो तर चुलीतूनही काढायचा. तिनं तोंड उघडलं, पण पुढं काय म्हणायचं ते तिला येईना.

"सरक थोडी," लालसू म्हणाला. "ओळ वाकडी जाते."

ती सरकली. सहा पेंड्या संपायला ऊन तापायचीही गरज पडली नाही. दोघांनी कंबर सरळ केली, चिखलाचे हात पाण्यात धुतले आणि बांधावर येऊन बसले. मागं कोपऱ्यात खाटेएवढं हिरवं होतं, आणि त्याच्या पुढं दोन एकर पाणी.